राजगड मुलांनाच बांधू द्या

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

यंदा सोसायटीचा दिवाळीचा किल्ला बाबांच्या गळ्यात पडला, हे फोनवर कळलं. बाबा, तुम्ही विचारलंत, माती किती आणि विटा किती. ते खाली सविस्तर लिहिते. पण त्याआधी एक ठरवून टाका, किल्ला करणार कोण? आपल्याकडच्या सोसायट्यांमध्ये दोन हौशी काका रात्री अकरापर्यंत खपतात आणि मुलांच्या वाट्याला ‘पाणी आण’, ‘बाजूला हो’ एवढंच येतं. तिसऱ्या दिवशी मुलं फिरकत नाहीत. किल्ला झकास होतो, फोटो काढताना मुलांना हाका मारून गोळा करावं लागतं.

जीन लेव्ह या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात शिंप्यांच्या दुकानांमधली उमेदवारी बारकाईने पाहिली होती. तिथे नवा पोरगा कपडा शिकतो तो उलट्या बाजूने. आधी काजं-बटणं नि इस्त्री, मग शिवण, आणि कापड बेतणं सगळ्यात शेवटी. बटण चुकलं तर उसवता येतं, कापड चुकीचं कापलं की गेलं. पण सुरुवातीपासून त्याच्या हातात असतो तो विकायचा खरा कपडा. किल्ल्याची कामं अशीच लावा. जे मोडून पुन्हा करता येतं ते लहानांकडे, जे चुकल्यावर सगळं कोसळेल ते मोठ्या मुलांकडे. तुमच्याकडे विटांचा पाया, वायर आणि कात्री, बस्स.

किल्ला राजगडच घ्या. मधे बालेकिल्ला, म्हणजे सगळ्यात उंच भाग, आणि तीन बाजूंना तीन माच्या, म्हणजे खालच्या तटबंद सोंडा. वाटणी आयतीच झाली. उत्तरेला पद्मावती, पूर्वेला सुवेळा, नैर्ऋत्येला संजीवनी. प्रत्येक माचीला चार-पाच मुलांचा गट, पण वयं मिसळून. एक आठवी-नववीतलं, दोन-तीन मधली, एक बालवाडीतलं. सगळी मोठी मुलं एका माचीवर गेली की बाकीच्या दोन माच्या आईवडीलच करतात. मुलींकडे रांगोळी आणि मुलांकडे दगड, ही वाटणी आपोआप व्हायला लागते, तिथे आईने लक्ष ठेवावं. वॉचमनकाकांची मुलं, भाडेकरूंची मुलं पहिल्याच दिवशी गटात हवीत. मागून आलेल्याला कायम माती उचलायचंच काम मिळतं. वर्गणीचा हिशेब मोठ्यांनी आपसात बघावा, मुलांच्या कानावर तो नको.

जागा पार्किंगच्या कडेची, सकाळचं ऊन येईल अशी. अगदी आत घेतलात तर पेरलेलं पिवळं पडून लांबुळकं वाढतं आणि आडवं होतं. अगदी उघड्यावर घेतलात तर परतीचा पाऊस एका रात्रीत सगळं खाली आणेल, म्हणून ताडपत्री आणि चार वीट-तुकडे जवळ ठेवा.

पाच फूट बाय चार फूट, उंची अडीच फूट, एवढ्याला चार गोण्या लाल माती, चाळीसेक विटा, दगड, फुटक्या कुंड्या आणि चार-पाच जुनी गोणपाटं लागतील. प्लास्टिकची पोती नकोत, त्यांना चिखल धरत नाही. काळी माती फुकट मिळाली तरी घेऊ नका. ती वाळताना आकसते आणि दुसऱ्या दिवशी तटबंदीला बोटभर भेगा पडतात. नर्सरीतली खत घातलेली मातीही भुसभुशीत, उतारावर टिकत नाही.

कोजागिरीला माती येऊ द्या, वसुबारसेला बारा दिवस राहतात. पहिले दोन दिवस फक्त चाळणं. हे बालवाडीवाल्यांचं काम आणि ते तासन्‌तास करतात. मग विटांचा सांगाडा. तो रचल्यावर मुलांना सगळीकडून हाताने ढकलून बघायला सांगा. हलला तर आत्ताच हलू दे.

गोणपाट दहा मिनिटं पाण्यात भिजवून मग चिखलात बुडवायचं. चिखल धिरड्याच्या पिठाइतका सैल. सांगाड्यावर टाकताना ताणून बसवू नका, चुण्या पडू द्या, त्याच चुण्यांचे कडे होतात. हा थर एक रात्र सुकू द्यायचा. दुसऱ्या दिवशी वरून इंचभर थर, पण थालीपिठाच्या पिठाइतका घट्ट आणि थालीपीठ थापतो तसाच थापायचा. आई, हे तूच दाखव, तुझ्याइतका हात कुणाचा नाही. पण एकदाच दाखव आणि हात धुऊन खुर्चीवर बस. दोन थरांची घाई करून एकदम दोन इंच माती लिंपली की स्वतःच्या वजनाने ती खाली घसरते. मुलं हे करणारच. करू दे. घसरलेली माती परत लावायला अर्धा तास लागतो, आणि पुढच्या वेळी तीच मुलं दुसऱ्यांना थांबवतात.

खरी गंमत, म्हणजे खरी भांडणं, माची बालेकिल्ल्याला जिथे मिळते तिथे होतात. एका गटाची माती सकाळी वाळलेली, दुसऱ्याची संध्याकाळी ओली. वाळक्या कडेला ओला चिखल नुसता चिकटवला तर रात्रीत तिथे सरळ रेघेसारखी चीर पडते. वाळकी कड चमच्याने खरवडायची, पाणी शिंपडून पाच मिनिटं मुरू द्यायचं, मग दोन्ही बाजूंनी माती एकमेकांत दाबायची. यासाठी दोन्ही गटांतलं एकेक मूल एकाच वेळी तिथे बसायला हवं. ते दोघं कोण, हे तुम्ही ठरवू नका.

पद्मावतीवर तळं आहे, त्यासाठी दुसऱ्या थराआधीच एक पसरट ताटली बसवून घ्या. कारंजं हवंच असेल तर सलाईनची नवी नळी आणा, औषधाच्या दुकानात मिळते. बादली पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, टोकाला बॉलपेनची रिकामी रिफिल. नळी तोंडाने ओढून पाणी चढवू देऊ नका. सगळी नळी बादलीत बुडवून भरायची आणि टोक चिमटीत धरून खाली आणायचं. मधे हवेचा बुडबुडा राहिला तर कारंजं उडतच नाही. पाणी फडक्यातून गाळून घ्या, माती अडकली की संपलं. आणि ताटलीतून जादा पाणी बाहेर जायला वाट ठेवा, नाहीतर रात्री ते पायथ्यात मुरून आख्खी माची बसते. ‘किल्ला कुणी मोडला’ म्हणून सकाळी जी शोधाशोध चालते, त्यात बऱ्याचदा गुन्हेगार हेच पाणी असतं.

पेरणी वसुबारसेच्या पाच दिवस आधी. उभ्या उतारावर अळीव, कारण भिजल्यावर ते बुळबुळीत होऊन मातीला चिकटतं. मोहरी तिथून गडगडत खाली येते, ती सपाटीवर. दोन्ही शंभर-शंभर ग्रॅम पुरे. पाणी फवाऱ्यानेच आणि सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं. ओतलं की बी एका जागी गोळा होतं आणि बुरशी धरते.

संजीवनी तीन टप्प्यांत उतरते, तिला दुहेरी तटबंदी आहे. सुवेळेला आरपार भोक असलेला नेढ्याचा खडक आहे. मोठ्या मुलांना नकाशा बघून हे शोधू द्या. मावळे बाजारात मिळतात ते दरवाज्यांपेक्षा उंच निघतात, म्हणून दरवाजे शेवटी करा. महाराजांना सिंहासनावर बसवलंत की एखादं पोर म्हणेलच, राज्याभिषेक १६७४ साली रायगडावर झाला, इथे सिंहासन कसं? तो वाद मिटवायला जाऊ नका. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यांत राजगड आहे. त्याची पाटी लावा, पण ती मुलांच्याच अक्षरात हवी, शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

बघायला लोक येतील तेव्हा माहिती सांगायला एकच चुरचुरीत बोलणारी मुलगी उभी करू नका. ज्याने जी माची केली त्याने ती सांगावी, अडखळत का होईना. पणत्या दगडांवर, हिरवळीवर नकोत. आणि भाऊबीज झाल्यावर किल्ल्यात बाँब लावायची मागणी येईल, तिला मात्र स्वच्छ नाही म्हणा. आत विटा आहेत. माती कुंड्यांमध्ये, मावळे वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात, आणि खोक्यावर कोणत्या माचीचे ते लिहून.

तब्येतीला जपा. बाबा, गुडघ्यामुळे खाली बसू नका, चौरंग घ्या.

तुमची लेक

ता. क. आई, अळीव पाव किलो आणलंस तरी चालेल. उरलेल्याचे लाडू कर, मुलांना कामाच्या मधे देता येतील.