आई, माझं बाळंतपण बेळगावातच

टिळकवाडी, बेळगाव
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप आई आणि अप्पांना साष्टांग नमस्कार.

अप्पा, हे पत्र तुम्ही ओसरीवर बसून आईला मोठ्यानं वाचून दाखवणार, मला माहीत आहे. नको वाटलेली वाक्यं गिळून टाकणार, तेही माहीत आहे. या वेळी काही गाळू नका. तीन दिवस फोन लावतेय, रेंजच नाही. जांबोटीकडं पावसानं उघडीपच दिलेली नाही म्हणतात. म्हणून दादा गोळ्यांची पिशवी घेऊन येतोय, त्यातच हे घालून देते.

अवघड आहे ते आधीच सांगून टाकते. मी बाळंतपणाला येत नाही. सव्वा महिना इथंच राहणार. ठरलंय, यांनाही सांगितलंय.

आई, लगेच डोळ्याला पदर लावू नकोस, पुढं ऐक. सासूबाईंनी अडवलं असं तर मनातही आणू नकोस. त्या उलट म्हणत होत्या, पहिलटकरीण आहे, आईकडंच जाऊ दे. नको मीच म्हटलं. बेळगावहून खानापूर सव्वीस किलोमीटर, तेवढं गाडीनं जमलं असतं. पण खानापूरच्या पुढचा आपला रस्ता तुला ठाऊक आहे. धडधाकट माणसाची आतडी गळ्याशी येतात, मला तर अजून शिंकायची भीती वाटते. ओढ्यावरचा पूल पाण्याखाली गेला की मग खानापूरसुद्धा परमुलूख. बाळाला थोडी कावीळ आहे, घाबरण्यासारखी नाही, पण परवा परत दाखवायची आहे. आणि माजघरातून परसात जायचं म्हणजे दोन उंबरे, चार पायऱ्या, वर शेवाळ. मी तुमच्या घराला नावं ठेवत नाही गं. त्याच पायऱ्यांवर माझे गुडघे फुटलेत, तूच हळद दाबलीस. पण आता पोटावर टाके आहेत.

दादानं सांगितलं, अप्पांनी बाज नव्या सुंभानं विणून घेतली, खोली सारवून झाली, अळीव आणून ठेवले. ते ऐकून मी रात्री तोंड फिरवून झोपले. अप्पा, बाज मोडू नका. पाऊस कमी झाला की दिवाळीच्या आधी आम्ही दोघी येतोच. तीन महिन्यांचं बाळ काय वाईट? हसायला तरी लागलेलं असेल.

आता दुखण्याचं. आई, तू दवाखान्यातून निघताना माझ्या कानात म्हणालीस, "गोळ्या घेऊ नको, दुधात उतरतात, सोस थोडं." मी सोसलं. तुला सांगितलं नाही, पण सोसलं. सिस्टर वाटीतून गोळ्या द्यायची, मी तिची पाठ वळली की उशीखाली सारायचे. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत कण्यातल्या इंजेक्शनचा आणि सलाईनमधल्या औषधाचा असर पुरा उतरला होता. बाळ रडायचं, त्याला उचलायला हात पुढं करायचे आणि टाक्यात अशी कळ जायची की हात तिथंच थांबायचा. एकदा तर मी त्याच्याकडं नुसती बघत राहिले. ते ओठ हलवत होतं आणि मला कूस बदलता येत नव्हती. समोरच्या खाटेवरच्या गोकाककडच्या बाईनं उठून त्याला माझ्याजवळ दिलं. तिचंही सिझरच, माझ्या एक दिवस आधीचं. ती उठू शकत होती, मी नाही.

रात्रपाळीची आया म्हातारी होती. म्हणाली, "नोवु ऐतेनवा?" दुखतंय का गं, एवढंच, पण मी भडाभडा रडले. तिनं चादर झटकताना उशीखालच्या गोळ्या बघितल्या आणि काही न बोलता सिस्टरला हाक मारली. कानडीत बाळंतिणीला बाणंती म्हणतात, तुला ठाऊक आहे? दोन्ही शब्द एकाच आईची लेकरं असावीत.

सकाळी डॉक्टर मॅडम आल्या. रागावतील म्हणून मी आधीच डोळे पुसून बसले होते. त्या स्टूल ओढून बसल्या. मला विचारलं, दूध येतंय का? मी म्हटलं, नीट नाही. त्या म्हणाल्या, सिझरनंतर दूध उतरायला एखादा दिवस जास्त लागतोच. पण शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं एक रसायन असतं, बाळ ओढायला लागलं की तेच दूध सोडतं आणि तेच गर्भाशय आवळतं. म्हणून पाजताना पोटात कळ येते, ती चांगलीच. पण बाई दुखण्यानं आणि भीतीनं आखडून गेली की ते रसायनच अडतं. म्हणजे आई, मी दुधासाठी सोसत होते आणि सोसण्यानंच दूध अडत होतं.

अप्पा, हा पुढचा भाग सावकाश वाचा. मला पॅरासिटामॉल 650ची एक गोळी दर सहा तासांनी, दुखो न दुखो, आणि जेवल्यावर आयबुप्रोफेन 400, दिवसातून तीनदा. दुखणं चढू द्यायचं आणि मग त्याच्या मागं धावायचं, असं करायचं नाही. दोन्ही गोळ्या दुधात उतरतात हे खरं आहे आई, तू खोटं बोलली नाहीस. पण किती? आयबुप्रोफेन तर शंभरातला एक भागसुद्धा नाही. आणि पॅरासिटामॉल म्हणजे दीड महिन्याच्या लशीनंतर ताप आला की डॉक्टर बाळाला थेंबांनी देतात तेच. दुधातून जातं ते त्याहून कितीतरी कमी. पाजून झालं की लगेच गोळी घेते. मॅडम म्हणाल्या, या दोन गोळ्यांना घड्याळ बघायचीसुद्धा गरज नाही. मीच आपली तुझ्या समाधानासाठी बघते. आणि सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, म्हणून ती वर घ्यायची नाही, हेही मॅडमनीच बजावलं.

सगळ्या गोळ्या सारख्या नसतात हे मात्र खरं. इथल्या शेजारच्या काकूंनी प्रेमानं एक 'जोरकस' गोळी आणून दिली, त्यांच्या सुनेची उरलेली. यांनी पाकीट वाचलं तर ट्रामाडॉल. मॅडमना फोनवर विचारलं, त्या म्हणाल्या मुळीच नको. काही बायकांच्या अंगात ती भराभर बदलते, दुधातून बाळाला गुंगी येते, ते ओढत नाही, श्वास मंद होतो. कोडीनचंही तसंच. आणि ॲस्पिरिन पाजणाऱ्या बाईनं दुखण्यासाठी घ्यायची नाही. म्हणजे तुझी भीती अगदीच उगाच नव्हती, फक्त चुकीच्या गोळीवर बसली होती.

आज दहावा दिवस. आयबुप्रोफेन परवापासून बंद केलंय, पॅरासिटामॉल फक्त रात्री एक. दूध इतकं येतंय की पदर भिजतो. आता खूश?

तू दिलेली वाकळ मी आत्तासुद्धा पोटाशी धरून बसलेय. खोकला आला, हसू आलं, की तिची घडी टाक्यांवर दाबून धरायची, मग कळ निम्म्यानं कमी जाते. ती आया तिला कौदी म्हणायची आणि उलटून-पालटून टाके बघायची. तुझे, माझे नव्हेत. त्यात तुझं ते अंजिरी लुगडं आहे ना, यात्रेतलं? बरोबर तो तुकडा माझ्या हाताखाली येतो. लहानपणी ताप आला की तू याच लुगड्याच्या ओच्यात माझं डोकं घ्यायचीस आणि त्याला चुलीचा वास यायचा. आता डेटॉलचा येतोय, पण मी नाक खुपसलं की खाली चूल सापडतेच.

उठायचं कसं तेही त्या आयानंच शिकवलं. सरळ उठायचं नाही. आधी गुडघे वर, मग सगळं अंग एकदम कुशीवर, पाय खाली सोडायचे आणि हातानं रेटा देत बसायचं. पाजतानाही बाळ पोटावर आडवं घेत नाही. कुशीवर निजूनच पाजते, नाहीतर काखेत कळशी धरावी तसं त्याला बगलेत घेते, पाय माझ्या पाठीकडं. सासूबाई हसल्या, आता पाणवठ्यावर निघालीस का म्हणून.

आता तुझं ते सगळं, आई. रागावू नकोस, एकेक सांगते. अळीव दे, डिंकाचे लाडू दे, मेथीचेही दे. बाळंतशेपा मी रोज चावते. तेल लावायला तुझाच हात हवा, पाठीला आणि पायांना. पोटाला मात्र नाही. पोट करकचून बांधायचं नाही, दवाखान्यातला पट्टा चालताना लावते तेवढा पुरे. आणि शेगडी नको. दार-खिडक्या लावून कोळशावर ओवा टाकायचा, तो धूर इवल्याशा छातीत जातो. तू आम्हाला तिघांना त्यातच वाढवलंस आणि आम्ही जगलो, हे तू म्हणणार. हो, जगलो. तरी नको. पाणी मात्र मी भरपूर पिते. पोट सुटतं म्हणून तू पाणी तोडायला सांगितलंस, पण कुंथावं लागलं की टाके ताणतात. ते दुखणं कुणाच्या वाट्याला न येवो. बाळाला मध चाटवायचा नाही, वर्षाचं होईपर्यंत. चाटवायचा तर अप्पांना चाटव. नको, त्यांना साखर आहे.

आणि ते "सिझर कशाला करायचं" हे अप्पा एकदाच म्हणाले, पण मला ऐकू आलं. बाळानं पोटातच शी केली होती आणि ठोके खाली यायला लागले होते. वीस मिनिटांत आत नेलं. कागदावर यांनी सही केली तेव्हा यांचा हात थरथरत होता. मी कळा द्यायला कमी पडले नाही अप्पा. अकरा तास दिल्या.

धाकटीच्या वेळचं आपण घरात बोलत नाही, मीही बोलणार नाही. पण मी सात वर्षांची होते आणि कोठीच्या खोलीबाहेर बसले होते. तू आवाज केला नाहीस. पदर दातात धरला होतास. मला तसं जमलं नाही, एवढंच. जमवायचंही नाही आता.

इथं माझं सगळं नीट चाललंय. खोली तळमजल्यावर, बाथरूम चार पावलांवर, सकाळ-संध्याकाळ गरम पाणी. सासूबाई ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून देतात, लसूण घालून मेथीची भाजी, तूप वेगळं. रात्री दोनच्या पाजण्याला हे उठून दिवा लावतात. लंगोट धुतात. हे कुणाला सांगू नको म्हणालेत, म्हणून तुम्हालाच सांगते. ताप, टाक्यातून पाणी किंवा घाण वास, पोटरी सुजून दुखणं, रक्त एकदम वाढणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढं अंधारी, यातलं काही झालं तर रात्रसुद्धा बघायची नाही, थेट दवाखाना. गाडीनं दहा मिनिटं लागतात. गावातून किती लागतील, तुम्हीच मोजा.

आणि आता तुमच्या दोघांचं. आई, गुडघ्यासाठी तू बाजाराच्या दिवशी दुकानातून सुट्या गोळ्या आणतेस, मला दादानं सांगितलंय. त्या माझ्या आयबुप्रोफेनच्याच जातीच्या. मला पाच-सात दिवस चालल्या. तुला बीपी आहे, तुला रोज चालणार नाहीत. बीपी चढतं, मूत्रपिंडावर ताण येतो. डब्यातल्या सगळ्या दादाकडं दे. खरंच सगळ्या दे, पिठाच्या डब्यामागच्यासुद्धा. खानापूरला डॉक्टरांना दाखवून मगच काय ते घे. अप्पा, तुमच्या साखरेच्या गोळ्या दीड महिन्याच्या आहेत, सकाळ-रात्र वेगळ्या पुड्या केल्यात. पावसात अनवाणी गोठ्यात जायचं नाही. पायाला काही लागलं तर त्याच दिवशी सांगायचं, चार दिवसांनी नाही.

पूल उघडला की आई, तूच ये. आठ दिवस राहा. गोठा आठ दिवस थोरली काकू बघेल, मी दादाकडून विचारून घेतलंय. एसटीत तुला तिकीट लागत नाही, कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत आपल्या बायकांना फुकटच. फक्त आधार कार्ड जवळ ठेव, मागच्या वेळेसारखं ट्रंकेत नको. बसची पाटी कानडीत असते म्हणून घाबरू नकोस, कंडक्टरला नुसतं "तिसरं गेट" सांग. पिरनवाडी गेलं, उद्यमबाग आलं की पिशवी हातात घे. हे स्टॉपवर उभे असतील. पाऊस असला तरी उभे असतील.

बाळाचं नाक कुणावर गेलंय ते मी लिहीत नाही. सासूबाई त्यांच्याकडचं म्हणतात. तू येऊन ठरव.

ती उठली. कुशीवर वळायला मला अजून दोन मिनिटं लागतात आणि तिला धीर नाही.

तुमची,
बाळी

ता. क. दादाबरोबर डिंकाचे लाडू दे, पण डालडा नको, आपल्या म्हशीचं तूप. आणि आई, येताना पिशवीत हळूच शेगडी घालून आणू नकोस. मी तुला ओळखते.