सहीची प्रिंट विकताना सगळे सांगा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत गेले काही आठवडे एक जाहिरात येते आहे. एका दिवंगत व्यंगचित्रकाराच्या गाजलेल्या राजकीय चित्राची ‘स्वाक्षरीसह मर्यादित आवृत्ती’. शंभर प्रती, सोबत प्रमाणपत्र, किंमत पाच आकडी. मी मुद्राचित्रणाचा निवृत्त शिक्षक. त्यामुळे ‘सर, घेऊ का?’ असे विचारणारे जुन्या विद्यार्थ्यांचे फोन मला आले. जाहिरात पुन्हा पुन्हा वाचूनही मला कुणाला हो किंवा नाही सांगता आले नाही, कारण ते सांगायला लागणारी एकही गोष्ट तिच्यात छापलेली नाही. प्रिंट कोणत्या पद्धतीने काढली? कोणी काढली? चित्रकार हयात नाहीत, मग सही केली कोणी आणि कधी? की मूळ चित्राच्या कोपऱ्यातली सहीच चित्राबरोबर छापून आली आहे? शंभर प्रती म्हणजे एकूण शंभर, की या आकाराच्या शंभर आणि पुढच्या वर्षी लहान आकाराच्या आणखी पाचशे? आणि या पैशातले काही त्यांच्या घरच्यांपर्यंत पोहोचते का?

व्यंगचित्राची प्रिंट विकण्याला माझा मुळीच विरोध नाही. उलट, ती विकली गेली पाहिजे असे मला मनापासून वाटते. म्हणूनच ती कशी विकली जावी याबद्दल हे पत्र.

फेब्रुवारी १७९९ मध्ये माद्रिदच्या एका दैनिकात एक जाहिरात आली होती. स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को गोयाच्या ‘लोस काप्रिचोस’ या चित्रसंचाची. पाद्री, सरदार, लग्नाचा बाजार, भोंदू वैद्य, अंधश्रद्धा यांतल्या कुणालाही या संचाने सोडले नव्हते. या चित्रांची कल्पना गोयाची आणि एचिंगही (तांब्याच्या प्लेटवर आम्लाने रेषा कोरणे) त्याचेच, संचात ऐंशी चित्रे, किंमत ३२० रेआल, मिळण्याचे ठिकाण देसेंगान्यो रस्त्यावरचे एक क्रमांकाचे अत्तरांचे आणि मद्याचे दुकान, एवढे सगळे त्या जाहिरातीत स्पष्ट होते. चित्र कोणी रचले, धातूच्या प्लेटवर कोणी उतरवले, कोणत्या पद्धतीने, किती आणि केवढ्याला. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या ग्राहकाला जे कळले ते आजच्या पुणेकराला कळत नाही, हे मला सहन होत नाही.

त्या संचाचे पुढे काय झाले तेही सांगण्यासारखे आहे. गोयाने सुमारे तीनशे संच छापले होते. त्यातले जेमतेम सत्तावीस खपले आणि विक्री थांबवावी लागली. आपल्याला हे धर्मन्यायालयामुळे करावे लागले, असे त्याने नंतर म्हटले. १८०३ मध्ये त्याने तांब्याच्या प्लेटा आणि उरलेले २४० संच राजाला दिले आणि त्या बदल्यात मुलाला निवृत्तिवेतन मिळवले. प्लेटा सरकारी मुद्रणालयात राहिल्या आणि त्यांवरून १९३७ पर्यंत एकूण बारा आवृत्त्या निघाल्या. म्हणजे आज कुणी ‘गोयाची अस्सल काप्रिचोस’ म्हणून विकत असेल तर ते खोटे नसते. पण पहिल्या आवृत्तीतला अंधार आणि विसाव्या शतकातल्या आवृत्तीतला अंधार एकच नव्हे. ॲक्वाटिंटचा, म्हणजे गडद छटेसाठी प्लेटवर आम्लाने उठवलेला, दाणा फार नाजूक असतो. प्रत्येक छापाबरोबर प्रेसच्या दाबाखाली तो थोडा झिजतो. मखमलीसारखा काळा रंग हळूहळू राखाडी होतो आणि मागच्या काळोखात लपलेली माणसे उघडी पडतात. जाणकार विक्रेता म्हणूनच आवृत्ती आधी सांगतो.

आवृत्ती मर्यादित ठेवण्याची रीत या झिजेतूनही आली. पन्नास छापांनंतर प्लेट पहिल्यासारखे देत नाही, म्हणून पन्नासावर थांबायचे. प्रत्येक प्रत तपासायची, डावीकडे पेन्सिलीने ७/५० असा आकडा आणि उजवीकडे सही करायची, मग प्लेटवर आडवी रेघ ओढून ती कायमची बाद करायची. त्याशिवाय चार-पाच प्रती चित्रकारासाठी राखून त्यांवर ‘एपी’ (आर्टिस्ट्स प्रूफ) लिहायचे. ज्यांनी स्वतः शाई भरली आहे आणि कापडाने प्लेट पुसली आहे त्यांना हे हाताने ठाऊक असते.

संगणकातल्या फाइलीला असली झीज नाही. इंकजेटवर काढलेली पहिली प्रत आणि दहा हजारावी प्रत सारखीच निघू शकते. तिथे ‘मर्यादित’ या शब्दामागे विकणाऱ्याच्या वचनाखेरीज काहीही नसते. इंकजेट प्रिंट वाईट असते असे मी म्हणत नाही. चांगला सुती कागद आणि टिकाऊ पिगमेंट शाई वापरून केलेली प्रिंट सुंदर दिसते आणि टिकतेही. पण वचनच विकायचे असेल तर ते लेखी, पूर्ण आणि मोडल्यास जाब विचारता येईल असे हवे.

आता सहीचा मुद्दा. निसर्गचित्रावरच्या सहीपेक्षा व्यंगचित्रावरच्या सहीला माझ्या मते जास्त वजन आहे. ‘हे मी बोललो आणि याची जबाबदारी माझी’ असे ती सांगते. फ्रेंच व्यंगचित्रकार ओनोरे दोमिएने १८३१ मध्ये फ्रान्सचा राजा लुई फिलिप याला गरिबांकडून ओरबाडलेले पैसे गिळणारा राक्षस म्हणून लिथोग्राफच्या, म्हणजे जिच्यावर रेखाटून चित्र छापतात त्या, शिळेवर रेखाटले. त्या ‘गार्गांत्युआ’साठी त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि १८३२ मध्ये तो तुरुंगात गेला. त्याचा प्रकाशक शार्ल फिलिपों याच्यावर खटल्यांमागून खटले होत होते. दंड भरायला पैसा हवा म्हणून फिलिपोंने वर्गणीदारांसाठी दरमहा एक खास लिथोग्राफ काढायला सुरुवात केली. मोठा आकार, चांगला कागद आणि प्रती वर्गणीदारांपुरत्या. १८३२ ते १८३४ या काळात अशी चोवीस चित्रे निघाली. शेवटचे दोमिएचे ‘र्यू त्रान्सनोनँ’. सैनिकांनी एका इमारतीत शिरून मारलेल्या रहिवाशांचे ते चित्र इतके जिव्हारी लागले की सरकारने शिळा आणि हाती लागलेल्या प्रती जप्त केल्या.

हे उदाहरण मी मुद्दाम देतो आहे. व्यंगचित्र सगळ्यांसाठी असते, मग शंभरच लोकांना महाग विकणे त्याच्या स्वभावाविरुद्ध नाही का, असा प्रश्न मला पूर्वी वर्गातही विचारला जाई. फिलिपोंने उत्तर देऊन ठेवले आहे. नियतकालिकातून चित्र सर्वांपर्यंत जाते, आणि ते काढणाऱ्याला उभे राहता यावे म्हणून थोडे लोक चांगली प्रत जास्त पैसे देऊन घेतात. या व्यवहारात पैसा कुठे जातो हे घेणाऱ्याला माहीत होते. आपल्याकडेही गगनेंद्रनाथ ठाकूर यांनी १९१७ च्या सुमारास कोलकात्यात जोडासांकोच्या घरी प्रेस आणून बाबू, पुरोहित आणि विद्यापीठाच्या घाण्यावरचे लिथोग्राफ स्वतःच्या देखरेखीखाली काढले. चित्रकार, छपाई आणि विक्री यांत अंतर नव्हते. ते अंतर वाढत गेले की चित्रकार सगळ्यात आधी बाहेर फेकला जातो.

म्हणून कायद्याकडे येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ प्रत्येक वृत्तपत्रीय व्यंगचित्रकाराने आणि त्याच्या मुलाबाळांनी वाचावे. वृत्तपत्राच्या नोकरीत काढलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, वृत्तपत्र-नियतकालिकांतल्या प्रसिद्धीपुरता मालकाकडे असतो. बाकी सर्व बाबतींत तो चित्रकाराकडेच राहतो. भिंतीवर लावायची प्रिंट म्हणजे वृत्तपत्रातली प्रसिद्धी नव्हे. हा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षे वारसांकडे चालतो. तेव्हा जुन्या अंकातले कात्रण स्कॅन करून ‘मर्यादित आवृत्ती’ काढणाऱ्याने परवानगी कोणाकडून घेतली, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

याच कायद्यात एक मोठी उणीवही आहे. १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३-अ आले. मूळ चित्र, शिल्प किंवा रेखाटन दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकले गेले तर निर्मात्याला किंवा वारसांना त्या किमतीत जास्तीत जास्त दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळू शकतो. व्याख्येच्या कलमात एचिंग, लिथोग्राफ, वुडकट आणि प्रिंट यांचा समावेश ‘एन्ग्रेव्हिंग’मध्ये केलेला आहे, पण पुनर्विक्रीच्या या कलमात एन्ग्रेव्हिंगचे नाव नाही. सहीची प्रिंट उद्या दसपट किमतीला गेली तरी चित्रकाराच्या घरी त्यातला एक रुपया जाईल, असे हे कलम म्हणत नाही. व्यंगचित्रकाराच्या बाबतीत हे जास्त बोचते, कारण त्याची मूळ रेखाटने पुष्कळदा छापखान्यातच गहाळ झालेली असतात आणि बाजारात फिरते ती फक्त प्रिंट. खासदारांपुढे हा विषय आपल्यासारख्या वृत्तपत्राने मांडावा.

भिंतींवर चित्रे काढणाऱ्या, नाव गुप्त ठेवणाऱ्या ब्रिटिश चित्रकार बँक्सीचे उदाहरण देणे भाग आहे, कारण तरुण ग्राहक त्याच्याच नावाने या बाजारात येतात. लंडनच्या क्रिस्टीजमध्ये १९८७ साली व्हॅन गॉगची ‘सूर्यफुले’ विक्रमी किमतीला गेली. तो लिलाव डोळ्यांसमोर ठेवून बँक्सीने ‘मोरॉन्स’ ही सिल्कस्क्रीन (जाळीतून शाई दाबून काढलेली प्रिंट) केली. तीत फ्रेममध्ये चित्राऐवजी खरेदीदारांना मूर्ख म्हणणारे वाक्य लावलेले आहे. २०२१ मध्ये काही लोकांनी तिचीच एक प्रत विकत घेतली, कॅमेऱ्यासमोर जाळली आणि तिची डिजिटल नोंद मूळ प्रतीहून कितीतरी जास्त किमतीला विकली. मला त्यात कसलेही शौर्य दिसत नाही. एका माणसाच्या हाताखालून गेलेली वस्तू नष्ट झाली, एवढेच. त्यापेक्षा शिकण्यासारखे आहे ते बँक्सीच्या प्रमाणपत्राचे. राजकन्या डायनाचा चेहरा छापलेली त्याची खोटी दहा पौंडांची नोट फाडून अर्धी प्रमाणपत्राला टाचतात, अर्धी प्रमाणपत्र देणाऱ्या त्याच्या संस्थेकडे राहते. दोन्ही तुकडे जुळले तर प्रत खरी. स्वतःचे नाव न सांगणारा चित्रकारसुद्धा आपल्या प्रतीची इतकी काळजी घेतो.

आपणास माझी विनंती अशी. कलाकृतीच्या प्रतींची जाहिरात स्वीकारताना छपाईची पद्धत, छापणाऱ्याचे नाव, सर्व आकार धरून आणि ‘एपी’सकट एकूण प्रती, प्लेट किंवा फाइल बाद केली का, सही हाताची आहे की छापील, आणि परवानगी कोणाची, एवढे जाहिरातीतच छापण्याची अट घाला. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये असा तपशील देणे विक्रेत्याला कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्याकडे तो कायदा होईपर्यंत वृत्तपत्राचा नियम पुरेल. दिवंगत चित्रकाराच्या प्रिंटवर कुटुंबीयांनी सही केली असेल तर तसे लिहावे. त्यात कमीपणा नाही आणि घेणारे आनंदाने घेतील.

आणखी एक. आपल्या दप्तरात कित्येक दशकांची व्यंगचित्रे आहेत. त्यांतल्या हयात चित्रकारांना बोलावून, त्यांच्या संमतीने आणि त्यांचा वाटा जाहीर करून, आपण स्वतः एक आवृत्ती काढावी. लिथोग्राफीच्या शिळा आणि हातप्रेस आजही काही कलामहाविद्यालयांत धूळ खात पडले आहेत, आणि ते चालवू शकणारी माझ्या वयाची माणसे अजून आहेत. बोलावलेत तर मी शाई घोटायला येईन.

आपला,
मुद्राचित्रणाचा एक निवृत्त शिक्षक
पुणे