लिस्बनच्या आंटी, देव बरें करूं!

प्रिय आंटी,

सप्रेम नमस्कार.

तुमची कोकणी रोमी लिपीतली, देवनागरी वाचायचा तुम्हांला कंटाळा. म्हणून हेच सगळं मी व्हॉट्सॲपवर बोलून पाठवणार आहे. तरी लिहून काढतेय, कारण लिस्बनला निघालेल्या आणखी चार मराठी माणसांच्या हाती हे पडलं तर त्यांचे पैसे आणि पाय दोन्ही वाचतील. आमचे तुम्ही वाचवलेत.

आम्ही सावंतवाडीच्या शाळेतल्या मैत्रिणी. आता कुणी ठाण्यात, कुणी पुण्यात, एक अजून गावातच. मुलं मार्गी लागली तशी आपापल्या पैशांनी एकदा फिरून येऊ म्हणून निघालो. मार्तिम मोनिझ चौकात २८ नंबरच्या ट्रामसाठी उभ्या होतो. रांग मारुतीच्या शेपटासारखी, ऊन मी म्हणत होतं आणि थांबायचं की टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, करायची यावर आमचं भर चौकात मालवणीत भांडण जुंपलं होतं. भाजीची पिशवी घेऊन तुम्ही शेजारून चालला होतात. थबकलात. "गोंयच्यो तुमी?" गोंयच्यो नाही, वाडीच्यो, म्हटल्यावर तुम्ही पिशवी खाली ठेवलीत, आणि पुढचे सगळे दिवस तुम्ही सांगाल तीच पूर्व दिशा झाली.

तुमचा पहिला सल्ला मी आता येईल त्याला सांगते: ही ट्राम मार्तिम मोनिझला धरायची नाही. सकाळी लवकर उठून दुसऱ्या टोकाला, कांपु द ओरीक भागातल्या प्राझेरेशला जायचं आणि तिथून बसायचं. दुसऱ्या दिवशी आम्हांला चक्क खिडक्या मिळाल्या. १९३०च्या दशकातली ती पिवळी, लाकडी बाकांची ट्राम एश्त्रेलाच्या बासिलिकावरून, शियादूवरून उतरत आल्फामाच्या चढाला लागली, तेव्हा गल्ली इतकी अरुंद झाली की हात बाहेर काढला असता तर कुणाच्या तरी दोरीवरचा टॉवेल हाती आला असता. पर्स पोटाशी धरून बसा, हेही तुमचंच. पुढच्या बाकावरच्या एका पर्यटकाचं पाकीट गेलं. आमचं काही गेलं नाही.

जेवणाचं मात्र सविस्तर सांगायला हवं. तुमची भेट व्हायच्या आदल्या संध्याकाळी बायशा भागातल्या एका हॉटेलात बसल्याबसल्या वेटरने पाव, ऑलिव्ह, चीज असं पुढ्यात आणून ठेवलं. आम्हांला वाटलं, काय पाहुणचार! बिलात सगळं लागलं होतं. तुम्ही ऐकून हसलात. त्याला तिथे कुव्हेर म्हणतात, आपण मागवलेलं नसेल तर हात न लावता परत पाठवायचं, पैसे द्यावे लागत नाहीत. दुसरं, पूर्ण प्लेट मागवायचीच नाही. "मेया दोझ" म्हणायचं, म्हणजे अर्धी. तीही आपल्याला पुरून उरते.

मोरारियातल्या त्या खानावळीत तुम्ही आम्हांला नेलंत, तिथे टेबलावर कागद अंथरलेला आणि आजचे पदार्थ हाताने लिहून दाराला लावलेले. आमच्यातली एक पक्की शाकाहारी. तोवर ती चीज-पावावर दिवस काढत होती आणि आम्हीही तिची समजूत काढून थकलो होतो. तुम्ही सरळ मुदपाकखान्यात घुसलात. काल्दो व्हेर्द, म्हणजे कुस्करलेल्या बटाट्याच्या सारात केसासारखी बारीक चिरलेली हिरवी पालेभाजी. त्यावर चोरिसाची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजची, चकती टाकतात. ती नुसती वरून टाकलीय की आधी सारात उकळलीय, याची उलटतपासणी तुम्ही स्वयंपाकिणीची घेतलीत. उकळली होती. मग तिच्यासाठी फरसबीची भजी तळून आली, अख्ख्या शेंगा पिठात बुडवून. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ही तळण्याची रीत जपानला नेली आणि तिथे तेम्पुरा झाला, हे सांगत तुम्ही त्यातल्या दोन शेंगा स्वतःही उचललीत.

आम्हां बाकीच्यांना बकाल्याव आ ब्राश. सुकवलेला खारा कॉड, त्याचे धागे, कांदा, काडीसारखे तळलेले बटाटे, वर अंडं. हा मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळतसुद्धा नाही, नॉर्वे-आइसलँडकडून येतो, आणि तरी अख्खा देश त्यावर जेवतो! सुक्या मासळीला नाकं मुरडणाऱ्या आमच्या पुण्यातल्या मैत्रिणीने ताटलीतलं शेवटचं बटाटं बोटाने उचललं, हे तिच्या घरी कळवलेलं आहे.

लिस्बनच्याच बेलें भागात तुम्ही आला नाहीत, गुडघ्यांमुळे. पण जेरोनिमोस मठात गेल्यावर तुमचं वाक्य आठवत होतं. वास्को द गामाचं थडगं तिथे आहे, समोर कवी कामोइंशचं. "तो मेलो आमच्याकडे, कोचीक," असं तुम्ही म्हणाला होतात, जणू शेजारच्या वाड्यातलाच कुणी. १५२४ साली कोचीत गेला, अस्थी नंतर इकडे आणल्या. मठाचा खर्च बराचसा आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या करातून निघाला. तो कोरीव दगड बघताना छान वाटलं आणि चिडही आली, दोन्ही खरं. शेजारच्या दुकानात १८३७ पासून कस्टर्ड भरलेल्या मैद्याच्या वाट्या विकतात. बाहेरच्या रांगेत उभं न राहता आत जाऊन बसायचं, हा तुमचा मंत्र तिथेही चालला. गरम वाटीवर दालचिनी भुरभुरवली आणि सगळ्या गप्प झाल्या. आमच्याबाबतीत हे दुर्मीळ.

साऊं दोमिंगुशचं चर्च तुम्ही नसतात तर आम्ही पाहिलंच नसतं. १९५९ च्या आगीत जळलेले खांब तसेच तडकलेले, काळवंडलेले ठेवलेत. तुम्ही मेणबत्ती लावलीत. मग बाहेर येऊन पलीकडच्या टपरीएवढ्या दुकानात जिंजिन्या, म्हणजे आंबट चेरीची गोड दारू. उभ्यानेच प्यायची. आमची शाकाहारी मैत्रीण "हे तर फळच" म्हणत दुसरा पेला घेऊन मोकळी झाली.

आणि बारा जूनची रात्र! सांतु आंतोनियूचा सण. पादुआचा म्हणून जगभर ओळखला जाणारा हा संत मूळचा लिस्बनचाच, हे आम्हांला तिथे कळलं. आल्फामात दारोदारी शेगड्या पेटलेल्या, धुराने डोळे झोंबत होते. तारल्यांसारखीच मासळी, पण पोट साफ न करता, नुसतं जाडं मीठ लावून निखाऱ्यावर. ना आगळ, ना मसाला. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. तुम्ही बोटाने साल ओढून काढलंत, वरचं मांस सोडवलंत आणि डोक्याला धरून अख्खा काटा एका झटक्यात उचललात. खाली पावाची जाड चकती होती. मासा खाऊन झाला, तेल तिच्यात मुरलं, आणि तो पाव तुम्ही शेवटी आम्हांला वाटून दिलात. खरं सांगते, त्या पावापुढे मासा फिका.

तिथेच दारादारांत छोट्या कुंड्या विकायला होत्या, तुळशीच्या कुळातली मांजेरिको, वर कागदी फूल आणि चार ओळींची कविता. आमची एकजण नाक लावायला वाकली तशी तुम्ही तिचा दंड धरून मागे ओढलंत. नाक लावलं तर रोप मरतं म्हणे. तळवा वरून फिरवायचा आणि मग तळव्याचा वास घ्यायचा.

तुमचं कुटुंब मडगावाहून मोझांबिकमधल्या लोरेंसो मार्किशला (आताचं मापुतो), मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर तिथून लिस्बनला आलं. इतकं हिंडलेलं माणूस अनोळखी बायकांसाठी आपली दुपार खर्ची घालतं, वर बिलातला वाटाही देऊ देत नाही. आंटी, मनापासून आभार. पुढच्या खेपेला बिल आमचं, आत्ताच सांगून ठेवते.

माझी भाची येत्या महिन्यात शिकायला तिकडे येतेय. तिच्याबरोबर तिरफळं आणि सोलं पाठवतेय. तिरफळांचा डबा टेप लावून बंद केलाय, सामानात वास सुटू नये म्हणून. मुलगी खाण्यापिण्यात फार लाजते. पहिल्या रविवारी तिला तुमच्याकडे बोलवा आणि तारल्याचा काटा काढायला शिकवा.

तुमची,
सावंतवाडीच्या मैत्रिणींपैकी सगळ्यांत जास्त बोलणारी