आमचा बचत गट उभा करून देणाऱ्या सहयोगिनी ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाली तेव्हा घाईघाईत खण-नारळ देऊन आम्ही निरोप दिला. बोलायचं राहूनच गेलं, म्हणून आता सगळ्यांदेखत लिहिते.

बचत गट काढून देणारे पुष्कळ येतात. फोटो काढतात, एका शिकलेल्या बाईला अध्यक्ष करतात आणि मग सगळा कारभार तिच्या नवऱ्याच्या हातून चालतो. तुम्ही मारुतीच्या देवळात सतरंजी अंथरायला लावलीत, आम्हाला गोल बसवलंत आणि पुढे केलेली वही हातात घेतली नाहीत. बैठक, बचत, आपसातलं कर्ज, परतफेड, हिशेब ही पंचसूत्री सगळ्याच गटांना शिकवतात. तुम्ही वर दोन गोष्टी घातल्यात: अध्यक्ष-सचिव दरवर्षी बदलायचे आणि वही मोठ्याने वाचायची. आमच्यातल्या कितीतरी जणी अंगठा उठवणाऱ्या. पण आक्कांना प्रत्येकीचा हप्ता तोंडपाठ. वाचणारी चुकली की त्या तिथंच अडवतात. अक्षर न येणाऱ्यांच्या हाती हिशेबाची राखण आली, ती तुमच्यामुळे.

आणि ते कर्ज! पेटीत आठ हजार. एकीला शेळीसाठी पाच हवे होते, दुसरीला मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी सहा. हात वर करून निकाल लावू, असं सगळ्या म्हणत होतो. तेव्हा तुम्ही गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाबद्दल सांगितलंत. तिथली ग्रामसभा बहुमतावर चालत नाही, सगळ्यांची संमती होईपर्यंत बोलत राहते. त्याच गावाने २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. एवढं सांगून तुम्ही गप्प बसलात. वेळ गेला, आवाज चढले, तरी गप्प. शेवटी, कधीच न बोलणाऱ्या धाकट्या वहिनींनी विचारलं, "फी एकदमच भरायची असते का?" हे कुणी विचारलंच नव्हतं! फीचे दोन हप्ते होत होते. आधी तीन हजार पुरले, शेळीही आली.

हात वर केले असते तर शेळी जिंकली असती, कारण त्या घराची भावकी मोठी. मतदानात भावकी मोजली जाते, गरज नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तुम्हाला तोडगा आधीच सुचला असावा असं मला अजून वाटतं. तो तुम्ही सांगितला असतात, तर पुढची प्रत्येक अडचण आम्ही तुमच्याच दारी आणली असती.

तुम्ही गेल्यावर गट मोडणार, असं गावात बोलत होते. मोडला नाही. यंदा धाकट्या वहिनी सचिव आहेत. बँकेत पैसे काढायची स्लिप स्वतः भरतात. लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकीचं सभासदत्व चालू ठेवायचं का, यावर मात्र अजून एकमत नाही. आक्का अडून बसल्यात, त्यामुळे पुढच्या बैठकीतही हाच विषय आहे.

मनापासून आभार, ताई.

तुमचीच,
गटातली एक