हुजूरपागेची थोरली बहीण

सेंट अँड्रूज, स्कॉटलंड

ती. आत्यास सा. न. वि. वि.

हुजूरपागेचा विषय निघाला की तू खुलतेस, म्हणून इथल्या सेंट लेनर्ड्सबद्दल सविस्तर लिहिते. मुलींची ही निवासी शाळा १८७७ सालची, हुजूरपागेपेक्षा सात वर्षांनी थोरली. गावात विद्यापीठ होतं, पण तिथे पदवीला मुलींना प्रवेश मिळाला थेट १८९२ मध्ये.

पहिल्या मुख्याध्यापिका लुईसा लम्सडेन. पुढे केंब्रिजचं गर्टन म्हणून प्रसिद्ध झालेल्या मुलींच्या कॉलेजात १८६९ साली ज्या पहिल्या पाच जणी दाखल झाल्या, त्यांतल्या त्या एक. १८७३ मध्ये केंब्रिजची ग्रीक-लॅटिनची परीक्षा त्या उतरल्या, पण पदवी हाती पडली नाही. केंब्रिजने बायकांना पदव्या द्यायला १९४८ साल उजाडलं. त्यामुळे मुलींचा अभ्यासक्रम हलका ठेवणं त्यांना मान्यच नव्हतं.

मुलांच्या बड्या निवासी शाळांची घडी त्यांनी इथे बसवली. मुली वेगवेगळ्या हाउसमध्ये राहायच्या. जेवणखाण, झोपणं, संध्याकाळचा अभ्यास तिथेच, एका शिक्षिकेच्या देखरेखीखाली. वर्ग तेवढे एकत्र. धाकट्यांवर लक्ष ठेवायची जबाबदारी थोरल्या मुलींवर. सामनेही हाउसा-हाउसांत. मला यातलं खरं मर्म थोरल्यांच्या हाती दिलेल्या कारभारात वाटतं. त्या काळी मुलींना असा अधिकार देतं कोण!

खेळांचंही तसंच. लम्सडेनबाईंनी कॅनडात लॅक्रॉस पाहिला होता: जाळी लावलेल्या काठीत चेंडू झेलायचा, काठी सतत झुलवत पळायचं, नाहीतर चेंडू निसटतो. १८९० मध्ये या शाळेच्या मैदानावर मुलींचा पहिला सामना झाला. इथली माजी विद्यार्थिनी रोझाबेल सिंक्लेअर हिने १९२६ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत तो सुरू केला. दुसऱ्या मुख्याध्यापिका फ्रान्सेस डव्ह यांनी तर १८९६ मध्ये इंग्लंडात वायकम ॲबी ही नवी शाळाच काढली.

आता इथे मुलगेही शिकतात. मग ते कसे आले? १९६८ मध्ये मार्लबरोसारख्या मुलांच्या शाळेने शेवटच्या दोन वर्षांसाठी मुली घ्यायला सुरुवात केली, पाठोपाठ इतरांनीही. मुलींच्या शाळांना त्याचा दुहेरी फटका बसला: फी तर बुडतेच, शिवाय हाउस सांभाळणाऱ्या थोरल्या मुलीच निघून जातात. सेंट लेनर्ड्सने १९९९ पासून मुलगे घेतले. वसतिगृह मात्र अजून चालू आहे.

आतोबांना नमस्कार सांग.

तुझी भाची