पाचवा उद्गार

प्रिय आई-बाबा,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुम्ही पुण्याला माझ्याकडे राहायला यावं, हा विषय फोनवर काढला की बाबा "बरं, बघू" म्हणतात आणि आई फोन घेऊन मला कैऱ्यांचं विचारते. म्हणून लिहिते आहे. आधी सांगूनच टाकते. पुण्यात गुरुवार पेठेत तळमजल्यावरच्या दोन खोल्या घेतल्या आहेत. डिपॉझिट दिलं आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी तुम्हाला न्यायला येते आहे. दादाशी बोलणं झालं आहे. तुम्हाला न विचारता केलं, हे मला कळतं. पण विचारलं असतं तर पुन्हा "बरं, बघू"च ऐकावं लागलं असतं, आणि ते सोसायची ताकद आता माझ्यात नाही.

बाबा, उत्तम शुक्रवार, तो गुड फ्रायडे, डोळ्यांपुढून हलत नाही. सकाळी इन्सुलिन घेतलेलं, उपास म्हणून पोटात चहासुद्धा नाही, आणि भर दुपारी तुम्ही प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी पाचव्या उद्गारावर बोलायला उभे राहिलात. "मला तहान लागली आहे." तेवढं म्हणून पायरीवर बसलात ते उठलातच नाही. रक्तातली साखर ४८ होती. आई म्हणाली, सकाळपासून हात थरथरत होते, पण ह्यांनी कुणाला पाणीसुद्धा मागितलं नाही.

तुम्ही आम्हाला लहानपणी रोज रात्री जेवताना विचारायचात, आज देव कुठे भेटला? दादा काहीतरी ठोकून द्यायचा आणि मी रडकुंडीला यायचे. मग तुम्हीच सांगायचात. आई पीठ चाळत असली की सैतानानं शिमोनाला गव्हासारखं चाळायला मागितलं होतं ते. विहिरीवर पोहरा रिकामा वर आला की दोर किती खोल सोडला ते. ती सवय मला अजून आहे. तर ऐका, मला परवा कुठे भेटला.

हॉस्पिटलात रात्रपाळी होती. ऑपरेशन झालेले एक आजोबा होते, त्यांना तोंडानं काहीच द्यायचं नव्हतं. पहाटेपर्यंत ते पाणी मागत होते. मी गॉज ओला करून ओठांवरून फिरवत होते, दर पंधरा मिनिटांनी. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "पोरी, तुला फार त्रास देतोय." आणि मला एकदम तुम्ही दिसलात. ज्यानं शोमरोनी बाईला जिवंत पाणी देऊ केलं, त्याच प्रभूनं वधस्तंभावरून, ज्यांनी खिळे ठोकले त्यांच्यासमोर, मला तहान लागली आहे असं म्हटलं. देवाच्या पुत्राला ते बोलताना कमीपणा वाटला नाही. मग बाबा, माझ्यापाशी एक पेला पाणी मागताना तुम्हाला का वाटावा?

आणि तिसरा उद्गारही योहानाच्याच शुभवर्तमानात आहे, त्याच अध्यायात. जगाचं तारण चाललेलं असताना त्यानं आईच्या राहण्याची सोय लावली. त्या वेळेपासून शिष्यानं, योहानानं, तिला आपल्या घरी नेलं. मरिया हो म्हणाली की नाही, योहानानं लिहिलेलं नाही. मीही योहानासारखं करते आहे एवढंच समजा. तुम्हाला उचलून नेते आहे असं मनात आणू नका. गावचं, वडाळ्याचं घर विकायचं नाही, त्याला कुणी हात लावणार नाही. नाताळात आपण तिथेच जाऊ.

आता देवळाचं. पंचहौदाचं पवित्र नाम देवालय घरापासून चालत जाण्यासारखं आहे. रानडे आणि लोकमान्य टिळकांना १८९० साली ज्या मिशनमध्ये चहा दिला आणि केवढं ग्रामण्य, जातीबाहेर टाकण्याचा वाद, उठलं, तेच. ती गोष्ट मला तुम्हीच सांगितली होती. उपासनेची रीत तुम्हाला जरा वेगळी वाटेल, आपण मूळचे अमेरिकन मराठी मिशनचे आणि ते अँग्लिकन, इंग्लंडच्या चर्चच्या रीतीचे. पण १९७० पासून दोघंही चर्च ऑफ नॉर्थ इंडियातच आहोत. मनोऱ्यातल्या घंटा मात्र तुम्हाला आवडतील.

आई, ओटा तुझ्या उंचीचा आहे, मी स्वतः उभी राहून पाहिला. भाकरीसाठी गॅसची मोठी शेगडी घेतली आहे. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला, कमोड आहे, गुडघे वाकवायला नको. मागच्या दाराशी ऊन येतं. तुझा गवती चहा तिथे लागेल. मालदांडीचं एक पोतं आणू, इथली ज्वारी तुला पटणार नाही.

जून येईपर्यंत एवढं ऐकायचं. खाल्ल्याशिवाय इन्सुलिन नाही, कुठल्याही उपासाला नाही. एलिया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूतानं त्याला आधी भाकर खायला लावली, बोल लावला नाही. हात थरथरले, घाम फुटला की लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. ७० च्या वर आली नाही तर परत साखर, आणि मला फोन, मग रात्रीचे दोन का असेनात. सुई रोज त्याच जागी टोचू नका. घरातही चप्पल घाला. आई, रोज रात्री त्यांचे तळपाय बघ, त्यांना विचारू नकोस, तूच बघ.

रागावून लिहिलंय असं वाटलं तर माफ करा. भीती वाटते हो.

बाबा, मननाच्या वह्या सगळ्या आणा, ट्रंकेतल्यासुद्धा. आणि सायकल कुणाला देऊन टाकू नका. दांडीवर टॉवेलची घडी घालून तुम्ही मला बसवायचात, आपण कुठे चाललो आहोत हे मी कधी विचारलं नाही. इथे जिन्याखाली जागा आहे. मी पट्टीनं मोजून पाहिली, हँडल थोडं वळवलं की ती बसते.

तुमची,
बेबी