दिवाळीला येत नाहीये

उटी

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर बोलायला लागले की आई रडते आणि बाबा ‘बरं, बरं’ म्हणून फोन ठेवतात. म्हणून लिहितेय. दहा हजार मीटर सोडून मी मॅरेथॉन धावायचं ठरवलंय. नाव दिलंय, नोकरीतून रजाही मिळालीय. आणि याही दिवाळीला घरी येणं होणार नाही.

बाबा, ‘या वयात नवीन कशाला’ म्हणाल. ट्रॅकवर शेवटच्या दोन फेऱ्यांत बाविशीतल्या पोरी मला आता मागं टाकतात. दम मात्र माझ्यात त्यांच्यापेक्षा जास्त आहे, आणि ४२ किलोमीटरला तोच लागतो. कविता राऊतताईंनी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजारांत ब्राँझ घेतलं, त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडला रौप्य, आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये त्या मॅरेथॉन धावल्या. आपल्या मोहीच्या ललिता बाबरताईंचं तर उलटं. आधी मुंबई मॅरेथॉनला तीनदा भारतीय महिलांत पहिल्या, मग स्टीपलचेस, ती अडथळ्यांची शर्यत. त्यांच्या रिओच्या फायनलला, १५ ऑगस्टच्या संध्याकाळी, तुम्हीच सगळी आळी टीव्हीपुढे बसवली होती. दहाव्या आल्या तरी पेढे वाटलेत.

दिवाळीचं म्हणाल तर इथं २,२०० मीटरवर हवा विरळ आहे. त्यानं रक्तात तांबड्या पेशी वाढतात, पण त्याला सलग तीन-चार आठवडे लागतात. मध्येच खाली उतरले तर केलेलं वाया जातं. नाहीतर आले नसते का गं आई?

मी मजेत आहे. दोन ब्लँकेटं आहेत, पहाटे गरम पाणी मिळतं. मेसमध्ये भात-सांबारच जास्त, पण तू दिलेलं मेतकूट अजून अर्धा डबा आहे. हिमोग्लोबिन बारावर आलंय, लोहाच्या गोळ्या चालू आहेत. तू हळूच विचारलं होतंस ना, तेही वेळेवर आहे. मागच्या वर्षी नडगीचं हाड चिरलं ते तुमच्यापासून लपवलं, ते माझं चुकलंच. आता काही दुखलं तर आधी तुम्हाला सांगेन.

बाबा, शाळेच्या मैदानावर तुम्ही पायरीवर बसून फेऱ्या मोजायचात. एका फेरीला एक खडा, डाव्या खिशातून उजव्या खिशात. एकदा मी पंचवीस म्हणत होते, तुम्ही चोवीस. आणखी एक धावायला लावलीत. घरी आल्यावर खडा खिशाच्या फाटक्या अस्तरात सापडला. तुम्ही काहीच बोलला नाहीत, नुसते माझे पाय कोमट पाण्यानं धुतलेत. ते पाणी अजून पायांना आठवतं. मॅरेथॉनला फेऱ्या नसतात, पण तुम्ही यायचंच. तिकिटं मी काढते.

आता ऐका. आई, बीपीची गोळी सकाळी, चहाच्या आधी. बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही. टाकीचं पाणी घागरीनं वर न्यायचं नाही, मोटार त्यासाठीच बसवलीय. बाबा, डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख पुढं ढकलू नका. दादा रजा घेणार आहे, त्याला मी बोललेय.

फराळ पाठवणारच असाल तर शेंगदाण्याची चटणी जास्त घाला, लाडू चारच. आणि फोन रात्री आठच्या आत करा, नऊला मी झोपते.

तुमची,
बाळी